पातळीबाईंच्या मशीनचा वेग

माझ्या मामाच्या दुकानात शिरलं की आधी वारा लागायचा आणि मग मामा दिसायचा. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचं ते एका खोलीचं दुकान. भिंतींना लावलेल्या फळ्यांवर कोणाकोणाची मशीन पोट उघडून बसलेली असत आणि जवळजवळ प्रत्येकाला मामाने आपल्या पदरचा एखादा जास्तीचा पंखा लावून दिलेला असे. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं होतं, "मामा, मी दुरुस्तीला दिलंय हो. उडणार तर नाही ना हे?" तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव पंखेमामा पडलं. त्याच्याहून वयाने मोठी माणसंही त्याला पंखेमामाच म्हणत आणि त्याला त्यात काही वाटत नसे. उलट बरंच वाटत असावं.

पंखे लागायचे कारण मामा मशीन चढवायचा. चढवणं हा त्याचा शब्द; या विद्येचं खरं नाव ओव्हरक्लॉकिंग. कॉम्प्युटरचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा सगळी गणितं करणारा भाग, एका ठरलेल्या ठेक्यावर चालतो. मशीन सुरू होता होता एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो आणि तिथे तो ठेका वाढवता येतो. ठेका वाढला की प्रोसेसरला वीज जास्त लागते, वीज जास्त दिली की तो तापतो, आणि तापला की पंखे. मामाच्या मते जुन्या प्रोसेसरांसारखी अन्याय झालेली जमात जगात दुसरी नव्हती.

"एकाच साच्यातून निघतात सगळे," तो समजावायचा. "मग तपासतात. पण बाजारात स्वस्तातल्या मालाला मागणी असली, की चांगल्या अंगाच्या प्रोसेसरवरही कमी आकडा छापून पाठवून देतात. अंगात किती आहे आणि अंगावर किती छापलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

माझी आई त्याची मोठी बहीण. ती म्हणायची, "तुझ्या अंगावर तर कोणी काही छापलंच नाही रे. कोरा माल." मामा हसायचा. त्याचा डिप्लोमा शेवटच्या वर्षी सुटला होता, आणि पुढे अठरा वर्षं त्याने एका कारखान्याच्या भांडारात नट-बोल्ट मोजून दिले होते. कारखाना बंद पडला तेव्हा तिथले तीन जुने कॉम्प्युटर त्याने मागून घेतले आणि त्यांवर स्वतःच शिकला. एखादं मेलेलं मशीन चढवून पळवलं की तो खुर्चीत मागे रेलून त्याच्याकडे असा बघायचा, जसं कोणी आपल्या घरातल्या पोराला शर्यतीत बघावं.

चढवलेलं मशीन पक्कं आहे की नाही, हे पाहायला एक प्रोग्राम असतो. तो प्रोसेसरला एकामागून एक अवघड गणितं घालतो आणि उत्तरं पडताळत राहतो. जाणती माणसं तो चोवीस तास चालू ठेवतात. मामा तो दोन चहा होईपर्यंत चालू ठेवायचा. "दोन चहांत जे पडलं नाही ते पडत नाही," हा त्याचा नियम. मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरी जागा नसल्याने माझा प्रबंध त्याच्या काउंटरच्या टोकाला बसून टाइप करायचे. कित्येकदा तो दुसरा चहा मीच आणून दिला आहे.

पातळीबाई आमच्या मागच्या रस्त्यावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. एकतीस वर्षं त्या पाणीपुरवठा खात्यात होत्या. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, तलावाच्या काठच्या पायऱ्या उतरायच्या, मोजपट्टीवर पाण्याची पातळी बघायची, रजिस्टरात लिहायची, हे त्यांचं काम. त्यांच्याबद्दल गल्लीत म्हणत, की बाई कोणाकडे चहा प्यायला बसल्या तरी कप किती बोटं भरलाय हे आधी बघतात. नवरा लवकर गेला, मुलगा दुसऱ्या शहरात. निवृत्तीनंतर खात्याने जुनी रजिस्टरं रद्दीत काढायचं ठरवलं तेव्हा बाईंनी अर्ज करून ती घरी आणली. तिथला तरुण इंजिनिअर त्यांना म्हणाला होता, "कागद ठेवायला जागा नाही हो आमच्याकडे. पण हेच कॉम्प्युटरमध्ये भरून दिलंत, तर तलावाच्या नव्या कामाला उपयोग होईल. फक्त बिनचूक हवं." बाई वयाच्या पासष्टाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकल्या. एक वर्ष, एक रजिस्टर, एक फाईल. दिवसाला दोन आकडे, एकतीस वर्षं.

हिवाळ्यात त्यांचं मशीन आपोआप बंद पडायला लागलं म्हणून मामाकडे आलं. वीज देणारा डबा गेला होता. मामाने तो बदलला. काम तेवढंच होतं. पण मशीन उघडलेलं असताना त्याचं लक्ष प्रोसेसरकडे गेलं.

"अगं, हा जातिवंत आहे," तो मला म्हणाला. "याच्यावर दोन पॉइंट सहा छापलंय. हा साडेतीनला मान खाली घालून जाईल."

"त्यांनी सांगितलंय का चढवायला?"

"सांगायला त्यांना माहीत कुठे आहे?"

"मग विचार ना."

"विचारलं तर घाबरतील. करून दिलं तर खूश होतील." मामा निळ्या पडद्यात शिरलाही होता.

मशीनचं झाकण काढलेलं होतं, दुकानातला मोठा टेबल फॅन थेट त्याच्यावर वळवलेला होता, आणि बाहेर स्वेटरचे दिवस होते. दोन चहा झाले. एकही गणित चुकलं नाही.

आठवड्याने पातळीबाई दुकानात आल्या, त्या मशीनचं कौतुक करायला. आधी म्हणे सगळ्या वर्षांचा मेळ काढायचं बटण दाबलं, की त्या उठून गॅलरीतल्या झाडांना पाणी घालून यायच्या, तोवर उत्तर यायचं. "आता बोट उचलायच्या आत येतं. झाडं वाळतील रे माझी," त्या म्हणाल्या. "काय केलंस तरी काय?"

"काही नाही हो, साफसफाई," मामा म्हणाला. तो आनंदाने लालबुंद झाला होता. मला तेव्हा त्याचं हे बोलणं विनयाचं वाटलं. मी माझ्या पडद्याकडे बघत हसले.

उन्हाळा लागला आणि एका दुपारी बाई परत आल्या. हातात शाळेतल्यासारखी वही होती. मामा कोणाच्या तरी मशीनचा स्क्रू काढत होता.

"एकोणिसाव्या वर्षाची सरासरी काल एक आली," त्या म्हणाल्या. "आज दुसरीच."

"मधे काही बदललंत का?"

"नाही."

"नकळत दाबलं गेलं असेल एखादं बटण," मामा मान वर न करता म्हणाला. "माउस निसटतो. होतं असं, बाई."

"मलाही तसंच वाटलं." त्यांनी वही उघडली, मग मिटली. "पण काही आकडे असे आहेत, की ते मी कसे लिहिले हेच मला कळत नाही. तलाव भरून सांडव्यावरून पाणी जात होतं, मला तो दिवस डोळ्यांसमोर दिसतो, आणि फाईलमध्ये पातळी तीन फूट. मी लिहिलेली." त्या जरा थांबल्या. "माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं. आधी बेरजा चुकायला लागल्या. वर्षाने घराचा रस्ता."

मामाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. तो काहीच बोलेना, म्हणून मीच बोलले. दुकानातल्या गप्प क्षणाला काहीतरी उत्तर द्यावं असं मला वाटलं असणार. मी म्हणाले, "बाई, वयाप्रमाणे थोडं होतंच हो. मीसुद्धा टाइप करताना रोज चुकते."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्यात आभार होते. त्या हाताचं वजन मी अजून विसरलेले नाही.

त्या गेल्यावर मामा बराच वेळ तोच स्क्रू फिरवत बसला. मग म्हणाला, "चल. त्यांच्या घरी जाऊन मशीन बघू."

बाईंची कामाची खोली पश्चिमेला होती. दुपारच्या उन्हाने भिंत इतकी तापली होती, की हात टेकवत नव्हता. मशीन टेबलाखालच्या कप्प्यात होतं आणि कप्प्याचं दार बंद होतं. धूळ जाऊ नये म्हणून, आणि मामाच्या पंख्यांचा आवाज होतो म्हणूनही. मामाने दार उघडलं, मशीनच्या पाठीवर तळहात ठेवला आणि काढून घेतला. बाई चहा ठेवायला आत गेल्या होत्या. मामाने तो गणितं घालणारा प्रोग्राम सुरू केला. मी त्याच्या मागे उभी होते. चार मिनिटं झाली नसतील, पडद्यावर लाल ओळ आली: उत्तर चुकलं. मग आणखी एक.

दुकानातला वारा बाईंच्या घरी कुठून येणार, हा विचार पोराटोरालाही सुचला असता. मामाला सुचला नव्हता, कारण प्रत्येक मशीन तो आपल्याच खोलीत, आपल्याच पंख्याखाली पारखायचा. तिथे पास झालं ते जगात पास झालं, असं त्याचं गणित.

आतून कपांचा आवाज आला. मामाने भराभर मशीन बंद करून चालू केलं, निळ्या पडद्यात जाऊन वेग मुळात होता तितका, दोन पॉइंट सहावर आणून ठेवला. बाई ट्रे घेऊन दारात आल्या तेव्हा त्याने नुकतीच मान वर केली होती.

"सापडलं काही?"

"धूळ," मामा म्हणाला. आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

"खूप धूळ होती," मी म्हणाले.

चहा आम्ही प्यायलो. जिना उतरताना मी म्हणाले, "मामा, त्यांना वाटतंय त्या चुका त्यांच्या आहेत."

"आता नाही होणार चुका. मूळ वेगावर आणलंय."

"झालेल्यांचं काय?"

तो दोन पायऱ्या उतरला. "सांगतो ना. थोडे दिवस जाऊ देत. लगेच सांगितलं तर दुकानाचं नाव... सांगतो मी."

थोडे दिवस गेले, मग आणखी थोडे. मामाने नवीन मशीन चढवणं थांबवलं. फळ्यांवरची चढवलेली मशीनही त्याने एकेक करून खाली आणली आणि कोणाला काही सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. रस्त्यावर पातळीबाईंची छत्री दिसली, की तो काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकायचा. आई एकदा म्हणाली, "याचं काय बिनसलंय? जेवताना ताटाशी बोलतो." मी म्हणाले, मला काय माहीत. मीही त्याला सांगायची आठवण करून देत नव्हते. आठवण करून दिली, तर मलाही बरोबर जावं लागलं असतं.

एकदा मात्र बाईंनी आम्हाला भाजीच्या दुकानासमोर गाठलंच. "अरे, मशीन पुन्हा हळू झालंय का?" त्यांनी विचारलं. "का मलाच तसं वाटतं?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. त्या एका शब्दाने बाईंना कळलं असतं, की त्यांना दिसतं ते दिसतंच आहे. मामा म्हणाला, "उन्हाळ्यात होतं तसं."

"मलाच वाटलं असेल," बाई म्हणाल्या आणि टोमॅटो निवडायला लागल्या. एक टोमॅटो उचलून त्या तो हातात धरूनच राहिल्या, जणू पुढे काय करायचं ते आठवत होत्या. आम्ही निघालो. मामा सबंध रस्ताभर माझ्या एक पाऊल पुढे चालत होता, म्हणजे त्याचं तोंड मला दिसू नये.

पावसाळा सुरू व्हायच्या बेतात होता तेव्हा पातळीबाई दुकानात आल्या. त्यांच्या मागे त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारा सुतार होता आणि त्याच्या दोन्ही हातांत बाईंचं मशीन होतं. त्याने ते काउंटरवर ठेवलं.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"काही नाही. ठेव तुझ्याकडे. सुटे भाग कोणाच्या कामाला येतील." बाईंनी पदराने मशीनवरचा बोटाचा ठसा पुसला. "मी महिनाअखेर मुलाकडे चाललेय. कायमची. एकटीने राहायचं वय राहिलं नाही म्हणतो तो, बरोबर आहे त्याचं. घर भाड्याने द्यायचं आहे."

"आणि रजिस्टरं?" मी विचारलं.

"रद्दीवाल्याला सांगितलंय. चुकीचे आकडे देण्यापेक्षा न दिलेले बरे. त्या आकड्यांवर कोणी तलावाची भिंत बांधायची आणि मग..." त्या थांबल्या. "तेरा रजिस्टरं भरली यंदा मी. उघडून बघितली, की माझीच मला भीती वाटते."

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"ताईला किती वेळा दाखवलं होतं. काय उपयोग झाला, बाळ?"

मामा उठला. मला वाटलं, हा आता मागच्या दाराने जातो. तो भिंतीपाशी गेला आणि त्याने पंख्यांची बटणं एकेक करून बंद केली. आधी मोठा टेबल फॅन, मग फळ्यांवरची मशीन. त्या दुकानातली शांतता मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. रस्त्यावरच्या सायकलची घंटासुद्धा आत आली.

"बाई, बसा."

"बसायला वेळ नाही रे. सामान आवरायचंय."

"बसा हो जरा."

त्या बसल्या. मामा उभाच राहिला आणि त्याने सुरुवात केली ती थेट कारखान्यापासून. प्रोसेसर कसे बनतात, त्यांच्यावर आकडे कसे छापतात, त्यातले काही कसे चांगल्या अंगाचे निघतात. सुतार लक्ष देऊन ऐकत होता. बाई ऐकत होत्या, पण त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि मला कळलं की त्या घाबरल्या आहेत. समोरचा माणूस बोलतोय आणि आपल्याला काही समजत नाही, याला त्या घाबरल्या होत्या.

"मामा," मी म्हणाले, "सरळ सांग."

त्याने ओठ ओले केले. "चुका तुमच्या नाहीत. मशीनच्या आहेत. म्हणजे माझ्या. मी तुम्हाला न विचारता तुमचं मशीन जास्त वेगाने चालवायला लावलं होतं. ते तापलं की गणितं चुकायचं. आकडे बदलायचं. तुम्ही बरोबरच लिहीत होतात."

बाईंनी काउंटरवरच्या मशीनकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "कधी केलंस हे?"

"हिवाळ्यात. वीजडबा बदलला तेव्हा."

"आणि तुला कळलं कधी?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, त्यालाही असणार. तरी तो काउंटरची कड धरून उभा राहिला.

"तुमच्या घरी आलो होतो त्या दिवशी."

"म्हणजे धूळ."

"धूळ नव्हती."

"एकोणपन्नास दिवस झाले त्याला," बाई म्हणाल्या. त्यांनी मोजलं नाही. त्यांना माहीत होतं. "रोज सकाळी उठले की आधी मी माझं नाव म्हणायचे. मग पत्ता. मग ताईचा वाढदिवस, मुलाचा वाढदिवस. सगळं बरोबर यायचं. मग मला वाटायचं, बरोबर आलं असं मला वाटतंय फक्त." त्यांचा आवाज चढला नव्हता. "घर सोडायला निघाले होते मी. आणि तू इथे बसून बघत होतास."

सुतार म्हणाला, "मी... मी बाहेर थांबतो. विडी..." आणि त्याला आठवलं असावं की तो विडी ओढत नाही, तो तसाच उभा राहिला.

"माझं चुकलं, बाई."

"ते मला आत्ताच सांगितलंस की." त्या उठल्या. "सुतारदादा, उचला परत. आणि तू, उद्या सकाळी सात वाजता घरी ये. चष्मा घेऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी सातला त्यांच्याकडे जाऊ लागला. टेबलाच्या एका बाजूला रजिस्टर घेऊन मामा, दुसऱ्या बाजूला पडद्यासमोर बाई. तो तारीख वाचायचा, मग सकाळची पातळी, मग संध्याकाळची. बाई पडद्यावर बघून "हं" म्हणायच्या. चुकलं तर "थांब" म्हणायच्या आणि पेन्सिलीने वहीत टिपून घ्यायच्या. माझं कॉलेज दुपारचं होतं, म्हणून मीही जायचे आणि पानं उलटायला मदत करायचे. कोणी मला बोलावलं नव्हतं, आणि येऊ नकोस असंही कोणी म्हटलं नव्हतं. पाणीसुद्धा विचारलं जात नसे. पहिल्यांदा घसा बसला तेव्हा मामाने घरून बाटली न्यायला सुरुवात केली.

पहिली अठरा वर्षं बाईंनी मशीन चढवण्याच्या आधीच भरली होती. ती तपासायला पंधरा दिवस लागले. तेरा हजारांवर आकड्यांत चुका निघाल्या नऊ. शेवटचं पान झालं तेव्हा बाईंनी वहीत नऊ हा आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. मग त्या उठून गॅलरीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या.

एकोणिसाव्या वर्षापासून चुका डझनांनी यायला लागल्या. एका उन्हाळी दिवसाची पातळी चाळीस हजार फूट होती.

"हे तुझं," बाई म्हणाल्या.

"हो," मामा म्हणाला.

मी हसले असते, एरवी.

मग एका सकाळी एकेचाळीसच्या जागी चौदा निघाले. आकडे उलटे झाले होते.

"हे?" बाईंनी विचारलं.

"माझंच."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "दानधर्म करू नकोस. मशीन असं करतं का?"

मामाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सहसा नाही."

"मग हे मीच केलेलं."

"कदाचित. माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही."

बाईंनी पडद्यावरची तारीख बघितली आणि कोणतं पान कधी भरलं हे टिपलेल्या आपल्या जुन्या वहीत ती शोधली. "हे पान मी भरलं ते सरासरी दोनदा वेगळी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मला माझाच भरवसा नव्हता. प्रत्येक आकडा तीन तीनदा बघत होते, आणि तरी." त्यांनी पेन्सिल उचलली. "हिला काय म्हणू मी? तुझी का माझी?"

अशा उलट्या झालेल्या बावीस जागा पुढे निघाल्या. वहीत बाईंनी त्यांच्यासाठी निराळं पान केलं आणि त्या पानाला मथळा दिला नाही.

शेवटचं रजिस्टर संपलं तो दिवस ढगाळ होता. बाईंनी आमच्यासमोरच मुलाला फोन लावला. "नाही रे, मी येत नाहीये," त्या म्हणाल्या. "नाही, बरी आहे. हो, डॉक्टरांकडे जाऊन आले, त्यांनी तासभर प्रश्न विचारले. ठीक आहे म्हणाले. अरे, मी सांगते ना, ठीक आहे." मग बराच वेळ पलीकडचं ऐकलं. "सांगितलं असतं तुला, पण मलाच माहीत नव्हतं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रजिस्टरं उंचीप्रमाणे लावून मामा उभा राहिला. इतक्या दिवसांत त्याने त्यांच्या खिडकीला पडदा लावून दिला होता, मशीन कप्प्यातून काढून टेबलावर मोकळं ठेवलं होतं, जास्तीचा पंखा काढून नेला होता. यातलं प्रत्येक काम त्याने विचारून केलं होतं, आणि प्रत्येक वेळी बाई नुसतं "कर" म्हणाल्या होत्या. मला वाटतं, आता त्या चहा ठेवतील अशी त्याला कुठेतरी आशा होती.

"उद्यापासून येऊ नकोस," बाई म्हणाल्या. "फाईल मी नेऊन देईन इंजिनिअरला. चुका कशा झाल्या तेही सांगेन."

"मशीनला काही झालं, तर फक्त निरोप..."

"चौकातल्या त्या दुसऱ्या दुकानदाराला बोलावीन. मंद आहे तो, पण विचारून हात लावतो."

मामाने मान हलवली. "बरोबर आहे," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. मी बाटली आणि चष्म्याची डबी पिशवीत भरून दाराशी पोचले तेव्हा बाईंनी मागून हाक मारली.

"बाळ, तुला माहीत होतं का?"

मी वळले. त्यांच्या हातात अजून पेन्सिल होती.

"हो," मी म्हणाले.

"धूळ तूही म्हणाली होतीस."

"हो."

पायऱ्या उतरून पातळी बघितल्यावर मनातल्या मनात आकडा धरतात, तशी त्यांनी मान किंचित हलवली आणि दार लावून घेतलं, हळूच, कडीचा आवाज येईपर्यंत.

खाली मामा जिन्याच्या तोंडाशी थांबला होता. "काय म्हणाल्या?"

मी सांगितलं.

"माझ्यावर घालायचं होतंस," तो म्हणाला. "मामाने बोलायला लावलं म्हणायचंस. खरंच होतं ते."

"आलं होतं मनात," मी म्हणाले. "आणि तू लावलं नव्हतंस. नुसतं बघितलं होतंस."

चौकातून जाताना त्या दुसऱ्या दुकानदाराने हात वर केला, मामानेही केला. आमच्या दुकानाचं शटर त्या ओल्या हवेत अडकलं होतं. त्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही ते एकमेकांकडे न बघता वर ढकललं.